पृथ्वीच्या पोटांतील आंच आणि दप्तरांतील दिरंगाई

आमच्या गांवापासून कोसभर अंतरावर एक उन्हाळें आहे. कोंकणाबाहेरच्या वाचकांस हा शब्द ऋतुवाचक वाटेल, म्हणून सांगितलें पाहिजे कीं, गरम पाण्याच्या झऱ्याला आमच्याकडे हेंच नांव आहे. जांभ्या चिऱ्यांनीं बांधलेलें लहानसें कुंड, कडेला महादेवाचें देऊळ, आणि पाण्याला गंधकाचा किंचित् वास. नरकचतुर्दशीचें अभ्यंगस्नान तेथें करावयाचें, ही आमच्या घराची तीन पिढ्यांची रीत. गेल्या दिवाळींत माझा भाचा अमेरिकेहून आला होता, तोहि आमच्याबरोबर पहांटे आला. तो भूगर्भशास्त्र शिकलेला असून युटा राज्यांत जमिनींत खोल विहिरी पाडून उष्णता वर काढणाऱ्या एका मंडळींत नोकरीस आहे. कुंडांत पाय सोडून बसला असतां तो म्हणाला, “मामा, ज्याच्यासाठीं आम्ही दीड मैल खालीं जातों, तें येथें आपण होऊन पायाशीं येऊन बसलें आहे.”

“मग तिकडे तें वर काढायला अडचण कसली?” मीं विचारलें.

“आतां खडकाची फारशी राहिली नाहीं. कागदाची आहे.”

या एका उत्तरावरून आमच्या घरांत फराळाच्या ताटांवर दोन दिवस वाद चालला. आमचे थोरले बंधु दादा हे जन्मभर जमीनमोजणीच्या खात्यांत होते. कागदाला कोणी नांवें ठेवलेलीं त्यांना खपत नाहींत. ते म्हणाले, “सरकारी जमीन म्हणजे कोणाचीच नाहीं, असें खोदणाऱ्याला नेहमीं वाटतें. ती सर्वांची आहे, ही आठवण कागद करून देतो.” भाचा निरुत्तर झाला नाहीं, आणि दादा मागें हटले नाहींत. मी दोघांचें ऐकून घेतलें, आणि पुढील दोन महिने या विषयावर हातीं लागेल तें वाचलें. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंत व त्यापुढें संस्कृताचें. तेव्हां यंत्रशास्त्राचा अधिकार मी सांगत नाहीं. परंतु परवानगी, छाननी, हरकत, सुनावणी या गोष्टी कळण्यास यंत्रशास्त्र लागत नाहीं. त्या आपणां सर्वांच्या परिचयाच्या आहेत.

प्रथम मूळ वस्तूविषयीं थोडेसें. पृथ्वीच्या कवचांत जसजसे खालीं जावें, तसतशी उष्णता दर किलोमीटरास साधारणतः २५ ते ३० अंश सेल्सिअसनें वाढत जाते. जेथें कवच ताणलें जाऊन पातळ झालें आहे, तेथें ती याहून पुष्कळ त्वरेनें वाढते. अमेरिकेच्या पश्चिमेकडील नेवाडा व युटा हीं राज्यें अशा ताणलेल्या कवचावर वसलीं आहेत. खालच्या तापलेल्या पाण्याची वाफ वर आणावयाची, तिच्यावर चक्र फिरवून वीज करावयाची, आणि निवलेलें पाणी दुसऱ्या विहिरीनें परत पोटांत सोडावयाचें, एवढीच ही विद्या. पाणी पुरेसें तप्त नसेल, तर लवकर उकळणारा दुसरा एखादा द्रव त्याच्या आंचेवर उकळवून त्याच्या वाफेवर काम भागवितात. इटलींत लार्देरेल्लो येथें पिएरो जिनोरी कोंती या राजपुत्रानें १९०४ सालीं भूमींतून निघणाऱ्या वाफेवर लहानसें यंत्र चालवून पांच दिवे लावून दाखविले. १९१३ मध्यें त्याच जागीं २५० किलोवॉटचें वीजघर उभें राहिलें. अमेरिकेंत कॅलिफोर्निया राज्यांतील ‘द गीझर्स’ नांवाच्या डोंगराळ भागांत १९६० सालीं ११ मेगावॉटचें यंत्र सुरू झालें, आणि पुढें वाढत वाढत तें क्षेत्र जगांतील सर्वांत मोठें झालें. तेथें हांव इतकी सुटली कीं, १९८०-८९ या दशकाच्या अखेरीस वाफेचा दाब उतरूं लागला. शेवटीं १९९७ पासून जवळच्या तालुक्याचें, व २००३ पासून सांता रोझा या शहराचें शुद्ध केलेलें सांडपाणी नळांनीं डोंगरावर नेऊन खडकाच्या पोटांत सोडावें लागलें. ज्यानें घेतलें त्यानें भरावें, हा न्याय भूमि कधीं माफ करीत नाहीं.

या विजेचा गुण असा कीं, ती सूर्य मावळला म्हणून मंदावत नाहीं आणि वारा पडला म्हणून थांबत नाहीं. कोळशाचा धूर नाहीं, राखेचे ढीग नाहींत. असें असून, या विजेच्या बाबतींत जगांत पहिला क्रमांक असलेल्या अमेरिकेंतहि तिची एकंदर शक्ति सुमारे चार हजार मेगावॉट, म्हणजे त्या देशाच्या एकूण विजेच्या अर्ध्या टक्क्याहूनहि कमी आहे. पूर्वीं याचें कारण निसर्गांत होतें. उष्ण खडक, त्यांत भेगा आणि भेगांत पाणी, हीं तिन्ही एके ठिकाणीं क्वचित् मिळतात. परंतु खनिज तेलाच्या धंद्यांत वाढलेली आडवी विहीर पाडण्याची कला आतां या कामीं वापरली जाते. कोरड्या तप्त खडकांत खोलवर आडवें वळून, पाण्याच्या दाबानें भेगा पाडून, एका विहिरीनें पाणी सोडावयाचें व दुसरीनें तापलेलें परत घ्यावयाचें. युटांत मिल्फर्ड गांवाजवळ सरकारी खर्चानें याची प्रयोगशाळाच चालविली आहे. नेवाडांत फर्व्हो नांवाच्या कंपनीनें २०२३ सालीं अशा जोडविहिरींची महिनाभर अखंड चाचणी यशस्वी केली, आणि २०२४ च्या ऑक्टोबरांत तिच्या युटांतील ‘केप’ या २,००० मेगावॉटपर्यंतच्या योजनेस सरकारी मंजुरी मिळाली. तेव्हां खडकाची अडचण फारशी राहिली नाहीं, हें भाच्याचें बोलणें अतिशयोक्तीचें नव्हतें.

आतां कागदाकडे वळूं.

आपल्याकडे सरकारी जमीन म्हटली कीं गायरान, वन किंवा पडीक तुकडा डोळ्यांपुढें येतो. नेवाडांत सरकारी जमीन हाच नियम असून खाजगी जमीन हा अपवाद आहे. त्या राज्याची शेंकडा ८० च्या आसपास भूमि मध्यवर्ती सरकारच्या मालकीची आहे. तिचा सर्वांत मोठा भाग ‘ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट’ या खात्याकडे आहे. हें खातें देशभर सुमारे २४॥ कोटी एकर जमीन सांभाळतें. तिच्यावर गुरें चारणारे, खाणीवाले, शिकारी, प्रवासी आणि मूळचे रहिवासी अशा सर्वांचे हक्क व हट्ट एकत्र नांदतात. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांस हें अधिक विस्तारानें सांगण्याची गरज नाहीं. एकच माजघर, त्यांत कोणाचा पाळणा, कोणाचें पोथीवाचन, कोणाची शिवणकामाची यंत्रें. तेथें कोणीहि एकानें खिळा ठोकावयाचा म्हटलें तरी चौघांस विचारावें लागतें.

योगायोग असा कीं, या विषयाचे दोन मुख्य कायदे एकाच वर्षाचे आहेत. मोठ्या सरकारी कृतीपूर्वीं तिचा हवा, पाणी, प्राणी व माणसें यांवर काय परिणाम होईल याची छाननी करून ती लोकांपुढें मांडलीच पाहिजे, असा राष्ट्रीय पर्यावरण धोरणाचा कायदा १९७० च्या १ जानेवारीस अमलांत आला. सरकारी जमिनीखालील वाफ भाडेपट्ट्यानें देण्याचा कायदा त्याच वर्षाच्या २४ डिसेंबरास झाला. दोन्ही कायदे आपापल्या जागीं शहाणपणाचे आहेत. घोटाळा त्यांच्या सांध्यांत आहे. कोणत्या प्रदेशांत पट्टे द्यावयाचे हें ठरवितांना एक छाननी, तो विशिष्ट तुकडा लिलावास काढतांना दुसरी, यंत्रांनीं जमिनीचा ठाव घेण्यास व तापमान मोजण्याचीं बारीक भोकें पाडण्यास तिसरी, चाचणीच्या खोल विहिरीस चौथी, त्यांतून पाणी लागल्यास विहिरींच्या सबंध समूहास पांचवी, आणि वीजघर व तारा यांस सहावी. अशा रीतीनें एकाच माळरानावर एकाच कामासाठीं सहा वेळांपर्यंत तीच तपासणी होऊं शकते. प्रत्येक खेपेस नवा अर्ज, नवा अहवाल, लोकांच्या हरकतींसाठीं नवी मुदत, आणि पुष्कळदां नवा अधिकारीहि, कारण मधल्या काळांत जुन्याची बदली झालेली असते. सर्व मिळून सात ते दहा वर्षें जातात. इकडे मूळ भाडेपट्ट्याची पहिली मुदत दहाच वर्षांची! ती वाढवून मिळते हें खरें, पण सावकार थांबत नाहीं. कर्जावरील व्याज अर्जाच्या उत्तराची वाट पाहत नाहीं.

याहून चमत्कारिक गोष्ट पुढें आहे. २००५ सालच्या ऊर्जाविषयक कायद्यानें खनिज तेल व वायु यांच्या कांहीं ठराविक विहिरींस या छाननींतून सूट दिली. तेंच यंत्र, तेंच पातें, तोच खोदणारा. तो तेलासाठीं भोंक पाडीत असेल तर त्याला राजमार्ग मोकळा, आणि ऊन पाण्यासाठीं पाडीत असेल तर त्यानें रांगेंत उभें राहावें! कायद्याच्या कर्त्यांनीं मुद्दाम असें योजिलें असें मी म्हणत नाहीं. तेलवाले पुष्कळ, संघटित आणि दरबारीं परिचित; वाफवाले मूठभर. ज्याचा पाट दारापाशीं मांडलेला असतो, त्याच्या पानावर पहिलें वाढप पडतें.

ही हकीकत मी सांगत असतां वहिनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यांत उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “शितावरून भाताची परीक्षा करतात ना? मग शीत चेपून पाहायला सुद्धां सगळ्या घराची परवानगी लागली, तर भात करपायचाच.” भाचा आनंदानें उडालाच. दोन वर्षें आपण साहेबांना जें समजावतों आहों, तें मामीनें एका वाक्यांत सांगितलें, म्हणाला. आणि खरोखरच रोगाचें मूळ येथें आहे. खालीं ऊन पाणी आहे कीं नाहीं, हें चाचणीची विहीर पाडल्यावांचून ब्रह्मदेवालाहि कळत नाहीं. त्यांतल्या कित्येक विहिरी फुकट जातात. म्हणजे पैशाचा सर्वांत मोठा धोका जेथें आहे, त्याच पायरीवर सर्वांत अधिक थांबावें लागतें. अमेरिकन सरकारच्या ऊर्जाखात्यानें २०१९ मध्यें एक विस्तृत अहवाल प्रसिद्ध केला. त्यांत असा अंदाज आहे कीं, दुसरा कांहींहि शोध न लागतां केवळ परवानग्यांचा काळ सुधारला, तरी २०५० पर्यंत ही वीज सुमारे १३ हजार मेगावॉटपर्यंत, म्हणजे एरव्हींच्या दुपटीहून अधिक, जाऊं शकेल. नव्या कलेची जोड मिळाल्यास आंकडा ६० हजारांवर जातो. भाकितांवर माझा फारसा भरंवसा नसतो. परंतु दप्तर सुधारणें हें एखाद्या मोठ्या शोधाच्या बरोबरीचें आहे, असें सरकारनेंच आपल्या तोंडानें कबूल केलें, ही गोष्ट लहान नव्हे.

तेव्हांपासून दुरुस्तीस प्रारंभ झाला आहे. २०२३ च्या एका कायद्यानें सर्वच छाननीस मुदत व पानांची मर्यादा घातली: लहान अहवालास एक वर्ष व ७५ पानें, मोठ्यास दोन वर्षें व १५० पानें. (शाळेंत निबंधाला ओळींची मर्यादा घालतांना मुलें कशीं कुरकुरत, याची मला आठवण झाली, मर्यादेनें निबंध सुधारत असे, हेंहि आठवलें.) २०२४ च्या एप्रिलांत जमीन खात्यानें वनखात्याचे व आरमाराचे नियम उसने घेऊन प्राथमिक शोधाच्या कामांस सूट दिली, आणि २०२५ च्या जानेवारींत चाचणीच्या विहिरींसहि, वीस एकरांपर्यंतच जमीन उकरली जात असेल तर, स्वतंत्र अहवालावांचून वाट मोकळी केली. माझ्या मतें या दोन्ही गोष्टी सर्वथा योग्य झाल्या. वीस एकर माळ उकरला, विहीर कोरडी निघाली, तर ती बुजवितां येते आणि माळ पुन्हां पूर्ववत् करतां येतो. वहिनींचें शीत हेंच.

परंतु सरकारें एकदां धांवूं लागलीं म्हणजे कोठें थांबावें हें त्यांना उमगत नाहीं. २०२५ च्या जानेवारींत तेथें राष्ट्रीय ऊर्जा-आणीबाणी जाहीर झाली, आणि एप्रिलांत अंतर्गत खात्यानें नवी पद्धति काढली. जी छाननी वर्षभर चाले ती १४ दिवसांत, आणि जी दोन वर्षें चाले ती २८ दिवसांत उरकावयाची! प्राचीन व पवित्र स्थानांविषयीं मूळच्या जमातींना म्हणणें मांडण्यास ७ दिवस. त्याच वर्षाच्या मे महिन्यांत नेवाडांतील तीन भूगर्भोष्णतेच्या योजना या पद्धतीखालीं घेतल्याचें जाहीर झालें. भाच्याला यांत आपल्या धंद्याचा भाग्योदय दिसत होता. दादांनीं चष्मा काढून पुसला आणि विचारलें, “चौदा दिवसांत एखाद्या झऱ्याचे किती ऋतु पाहतां येतात रे?”

हा प्रश्न पोकळ नव्हता. त्याच नेवाडांत डिक्सी व्हॅली नांवाचें एक ओसाड खोरें आहे. त्याच्या पोटांत खारट माळावर गरम पाण्याचे झरे फुटून सुमारे ७६० एकर दलदल तयार झाली आहे, आणि त्या दलदलींत एक लहानसा बेडूक राहतो. पृथ्वीच्या पाठीवर दुसरीकडे कोठेंहि तो नाहीं. तो निराळी जात आहे हेंच मुळीं शास्त्रज्ञांनीं २०१७ मध्यें ओळखलें. फॅलन येथील पायूट-शोशोनी जमातीला ते झरे पूर्वजांपासून पवित्र आहेत. तेथें ६० मेगावॉटपर्यंतचें वीजघर बांधण्यास, कित्येक वर्षें कागद फिरल्यावर, २०२१ च्या नोव्हेंबरांत जमीन खात्यानें मंजुरी दिली. डिसेंबरांत ती जमात व एक प्राणिरक्षक संस्था न्यायालयांत गेली. २०२२ च्या एप्रिलांत त्याच सरकारच्या दुसऱ्या खात्यानें तो बेडूक तातडीनें नष्टप्राय जातींच्या यादींत घातला, आणि ऑगस्टांत कंपनीनें बांधकाम थांबविलें.

दोन्ही पक्ष या गोष्टीचा दाखला आपापल्या बाजूनें देतात. भाचा म्हणाला, “पाहा, इतकी वर्षें घालवून शेवटीं एका बेडकासाठीं काम बंद!” दादा म्हणाले, “पाहा, इतक्या वर्षांतहि झऱ्याचा नीट विचार केला नाहीं, तर चौदा दिवसांत काय कराल?” मला दोघांचेंहि पटेना. त्या मंजुरीचा मुख्य आधार अशी एक योजना होती कीं, झऱ्यांवर नजर ठेवावयाची, आणि पाण्यांत बदल दिसला तर त्या वेळीं उपाय करावयाचे. म्हणजे खालचें ऊन पाणी आणि वरची दलदल यांचें नातें काय, हा जो सर्वांत पहिला प्रश्न, त्याचें उत्तर वीजघर चालूं झाल्यावर मिळावयाचें होतें. काळ भरपूर खर्च झाला होता. पण योग्य प्रश्नावर झाला नव्हता. दिरंगाई आणि काळजी या दोन्ही एकमेकींच्या सख्ख्या बहिणी आहेत असा आपला समज असतो. त्यांची ओळखदेखील असेलच असें नाहीं.

आणि ही भीति निराधार नाहीं. नेवाडांतच बिओवावे या ठिकाणीं ऊन पाण्याचीं कारंजीं भूमींतून उसळत असत. त्या देशांत यलोस्टोनच्या खालोखाल त्यांची गणना होई. १९५० नंतर तेथें विहिरी पाडण्यास आरंभ झाला, पुढें वीजघर आलें, आणि कारंजीं नाहींशीं झालीं. न्यूझीलंडांत वैराकेई येथें १९५८ सालीं वीजघर सुरू झाल्यावर जवळच्या खोऱ्यांतील कारंजांची तीच गति झाली. त्याच देशांतील रोटोरुआ गांवाची हकीकत मात्र निराळी आहे. तेथें घरोघर लोकांनीं बंब तापविण्यासाठीं भोकें पाडलीं होतीं. पोहुटू नांवाचें प्रसिद्ध कारंजें मंदावूं लागलें, तेव्हां १९८६-८७ मध्यें सरकारनें त्याच्या दीड किलोमीटर परिघांतील सर्व भोकें बंद करविलीं, आणि पाणी हळूहळू पुन्हां चढलें. पूर्वींचें पाणी किती होतें, हें तेथें मोजलेलें होतें, म्हणून हें सर्व कळलें.

महाभारताच्या शांतिपर्वांत तीन माशांची गोष्ट आहे. पंचतंत्रामुळें ती मुलांनाहि ठाऊक असते. कोळी तळ्याचें पाणी काढून देण्याच्या तयारीस लागले, तेव्हां एक मासा आधींच ओहोळानें निघून गेला. तो अनागतविधाता, न आलेल्या संकटाची आधीं तजवीज करणारा. दुसरा प्रत्युत्पन्नमति; वेळेवर सुचणाऱ्या युक्तीनें तो जाळ्यांतून निसटला. तिसरा दीर्घसूत्री, तो ‘पाहूं, पाहूं’ म्हणत राहिला आणि मेला. दीर्घसूत्र म्हणजे लांबच लांब दोरा. सरकारी फायलीला लाल फीत बांधण्याची चाल निघण्यापूर्वीं कित्येक शतकें आपल्या पूर्वजांना हा शब्द सुचला होता! अमेरिकेचें जमीन खातें पन्नास वर्षें दीर्घसूत्री होतें, आणि आतां एकाएकीं प्रत्युत्पन्नमति होऊं पाहत आहे. पण पहिल्या माशाचा मार्ग तेथेंहि कोणाला ठाऊक नाहीं असें नव्हे. कोणत्या खोऱ्यांत पवित्र झरे आहेत, कोठें दुर्मिळ जीव आहेत, कोणतें पाणी कोठून येतें, याची मोजणी लिलावापूर्वीं सरकारनेंच एकदां करावी. जेथें धोका नाहीं तेथें पुढच्या पायऱ्या झपाट्यानें चढूं द्याव्या, आणि जेथें धोका आहे तो तुकडा लिलावासच काढूं नये. कंपनीलाहि दहाव्या वर्षीं ‘नाहीं’ ऐकण्यापेक्षां पहिल्या वर्षीं तें ऐकणें स्वस्त पडेल. यासाठीं मोजणारे लोक नेमावे लागतात, त्यांना पगार द्यावा लागतो, आणि पांच वर्षें आधीं आरंभ करावा लागतो. आदेश मात्र एका दिवसांत निघतो. म्हणून आदेश निघतात.

मी इतक्या खात्रीनें बोलतों याचें एक कारण आहे, आणि तें सांगितल्यावांचून हा लेख प्रामाणिक होणार नाहीं.

सुमारे तीस वर्षांपूर्वीं मी एका खेड्यांतील शाळेचा मुख्याध्यापक होतों. शाळेला लागून गायरान होतें. मुलांच्या पिण्याच्या पाण्यासाठीं तेथें एक विंधन विहीर हवी होती. अर्ज केला. सहा वर्षें गेलीं. पांच वेळां पांच अधिकारी पाहणीस आले. प्रत्येकानें तोच नकाशा मागितला, तोच उतारा मागितला, तोच चहा घेतला. उताराच्या खालच्या अंगास एक वाडी होती आणि तिचें सारें पाणी एका झऱ्यावर चाले. त्या झऱ्याविषयीं पांचांपैकीं एकानेंहि विचारलें नाहीं. सहाव्या वर्षीं एकाएकीं निरोप आला कीं, मार्चअखेर पैसा खर्च न झाल्यास परत जाईल. मग काय विचारतां! दोन दिवसांत पंचनामा झाला. ‘कोणाची हरकत नाहीं’ असें छापील वाक्य होतें, त्याखालीं मीं सही केली. वाडीवर जाऊन विचारावें, हें माझ्या मनांत आलें नव्हतें असें नाहीं. पण सहा वर्षांनीं हातीं आलेली गोष्ट पुन्हां निसटूं नये, म्हणून गेलों नाहीं.

विहिरीला उत्तम पाणी लागलें. दुसऱ्या वर्षीं वाडीचा झरा फाल्गुनांतच आटला. पूर्वीं तो वैशाखापर्यंत पुरत असे, असें तेथील म्हाताऱ्या सांगत. आमच्या विहिरीमुळें आटला कीं त्या वर्षीं पाऊस उणा झाला म्हणून, हें आजतागायत सिद्ध झालें नाहीं. सिद्ध होण्यासारखें नव्हतेंच, कारण तो झरा आधीं कोणी कधीं मोजला नव्हता. त्या उन्हाळ्यांत वाडीच्या बायका दोन-दोन हंडे घेऊन शाळेच्या नळावर येत. मी वर्गांतून त्यांना पाहत असें. त्या मला ‘गुरुजी’ म्हणून नमस्कार करीत, आणि त्यांतल्या एकीनेंहि मला कधीं दोष दिला नाहीं.

ही हकीकत मीं भाच्याला सांगितली, तेव्हां तो बराच वेळ गप्प होता. नंतर म्हणाला, “मामा, आमच्या विहिरीच्या आसपास झरे नाहींत.” मी म्हटलें, “तुम्हीं पाहिलें आहे ना?” तो म्हणाला, “हो, तें मात्र पाहिलें आहे.” मला बरें वाटलें.

आपल्याकडेहि हा विषय आतां दूरचा राहिलेला नाहीं. लडाखांत पुगा खोऱ्यांतील ऊन पाण्यावर वीज करण्यासाठीं २०२१ मध्यें तेल व नैसर्गिक वायु महामंडळानें करार केला, आणि २०२५ च्या सप्टेंबरांत भारत सरकारनें भूगर्भोष्णतेविषयीं राष्ट्रीय धोरण जाहीर केलें. कोंकणपट्टींतील उन्हाळीं भूगर्भवेत्त्यांच्या याद्यांत पूर्वींपासून आहेत. आमच्या कुंडाकडे उद्यां कोणी येईल असें मला वाटत नाहीं. त्याहून तप्त झरे पुष्कळ आहेत. आला तर त्याला मी विरोधहि करणार नाहीं. गांवांत दिवसाकाठीं किती तास वीज जाते, हें मला ठाऊक आहे.

भाचा परत जाण्यापूर्वीं दादा त्याला घेऊन बाजारांत गेले आणि एक चांगला तापमापक विकत घेऊन आले. आतां दर अमावास्येला ते व त्यांचा नातू उन्हाळ्यावर जातात. कुंडाच्या पायरीवर दादांनीं मोजणीखात्याच्या जुन्या संवयीनें रंगाची एक रेघ ओढली आहे. पाणी तिच्या वर कीं खालीं, किती बोटें, किती अंश ऊन, आणि आधल्या पंधरवड्यांत पाऊस पडला कीं नाहीं, हें सर्व एका वहींत लिहून दोघेहि खालीं सह्या करतात. वहीचीं तीन पानें भरलीं आहेत.